बाटलीवरचं कौलारू घर

कणकवलीत घावणे नारळाच्या रसाबरोबर खातात. खोबरं वाटून पिळायचं, गूळ आणि वेलची घालायची, की रस तयार. सकाळी काढलेला हा रस दुपारनंतर आंबतो, म्हणून त्याची ना बाटली झाली, ना जाहिरात. अमेरिकेत पॅनकेकवर ओतायच्या पाकाचं मात्र उलट झालं.

तिथला मूळ पाक मेपलच्या झाडाचा. सुमारे ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो, त्यामुळे तो महागच. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराचे किराणा व्यापारी पॅट्रिक टाउल यांनी १८८७ साली त्यात उसाच्या साखरेचा पाक मिसळून भाव उतरवला आणि नाव ठेवलं ‘लॉग केबिन’, म्हणजे लिंकन जन्मले तशी ओंडक्यांची झोपडी. पुढे डबाही झोपडीच्याच आकाराचा आला. पाक संपला की मुलं तो खेळायला घेत. स्वस्त मिश्रणाला गावाकडच्या आठवणींचं घर मिळालं होतं.

‘आंट जेमिमा’ची गोष्ट मात्र जिवाला लागते. हे पॅनकेकचं पीठ १८८९ मधलं. विवेकानंद शिकागोला गेले त्याच १८९३ साली, तिथल्याच जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन ‘आंट जेमिमा’ बनून लोकांसमोर पॅनकेक भाजत होत्या. त्या जन्मल्या गुलामगिरीत, आणि जाहिरातीत त्यांना रंगवलं मालकाच्या घरी आनंदानं राबणारी स्वयंपाकीण म्हणून. त्यांच्या माणसांचं दुःख पुसून हे खोटं सुखाचं चित्र माल खपवायला वापरलं गेलं. या नावाचा पाक १९६६ मध्ये आला. त्यात मुख्यतः मक्याचा गोडवा. हे नाव हटायला २०२१ उजाडलं. नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये वारल्या, त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला २०२० मध्ये.

आपल्या हायवेवरच्या दुकानांत कोकम सिरपच्या बाटल्यांवरही कौलारू घरं आणि माड दिसतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या चित्रामागे खरा माल असावा, अशी अपेक्षा असते. घरचं अमृत कोकम कसं होतं? रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालींत साखर भरायची, बरणी उन्हात ठेवायची; साखर विरघळते आणि साली लालभडक रस सोडतात. त्यात वरून रंग लागतच नाही. बाटलीवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं बंधनकारक आहे. साखर बहुधा पहिली असते. पुढे कोकम आहे की पाणी, रंग आणि इसेन्स, हे त्या बारीक अक्षरांत कळतं.