क्लब कोणाचा? – फुटबॉलप्रेमींच्या वादामागील अर्थकारण

भिलाई हे जसे पोलादाचे शहर आहे, तसेच ते अनेक प्रांतांच्या सहजीवनाचेही शहर आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे येथील सेक्टरांमध्ये स्थिरावली. विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांना बंगाली आणि केरळी शेजार लाभला व त्या शेजारासोबत फुटबॉलची आवडही घरात आली. साहजिकच मार्च २०२५ मध्ये सुनील छेत्रीच्या पुनरागमनाची वार्ता आली, तेव्हा देशभर रंगलेला वाद येथील फुटबॉलप्रेमींमध्येही रंगला.

६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला होता. नऊ महिन्यांनी, वयाची चाळिशी ओलांडल्यावर तो पुन्हा भारतीय संघात दाखल झाला आणि १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्याच्याइतके गोल करणारा दुसरा कोणी नसेल तर त्याने खेळलेच पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. तो असेपर्यंत तरुण आघाडीपटूंना संधी कशी मिळणार, असा दुसऱ्या पक्षाचा सवाल होता. पुढे २०२७ च्या आशिया चषकासाठी भारत पात्र ठरू शकला नाही आणि वाद अधिकच वाढला. तथापि, नवे आघाडीपटू ज्या क्लबांमध्ये घडतात, ते क्लब कोणाच्या मालकीचे आहेत आणि ते टिकतात का, हा मूळ प्रश्न या वादात मागेच राहिला.

एक खेळाडू, अनेक मालक

छेत्रीची कारकीर्द हीच या प्रश्नाची बोलकी नोंदवही आहे. कोलकात्याच्या मोहन बागानमधून तो २००५ मध्ये पंजाबातील फगवाडा येथील जेसीटी संघात गेला. कापडगिरणीच्या या संघाने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०११ मध्ये तो बंद झाला. छेत्री पुढे गोव्याच्या डेम्पोकडून खेळला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या या क्लबने २०१६ मध्ये, साळगावकर व स्पोर्टिंग यांच्याप्रमाणेच, राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. तेथे परतण्यास त्याला २०२४-२५ चा हंगाम उजाडावा लागला. मुंबईकरांना आठवत असलेला महिंद्रा युनायटेड हा संघ १९६२ पासूनचा. २००५-०६ मध्ये तो राष्ट्रीय विजेता ठरला आणि अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, विसर्जित झाला. यांपैकी कोणताही संघ खेळात दुबळा ठरला म्हणून थांबला नाही. निर्णय मालकाचा होता.

मालकीचे प्रकार

मालकीचा पहिला प्रकार कारखान्याच्या वा संस्थेच्या संघाचा. भिलाईसारख्या औद्योगिक नगरीला तो सर्वाधिक परिचित आहे. यात खेळाडू हा संस्थेचा कर्मचारी असतो. बँकाही यात मागे नव्हत्या. थोर फुटबॉलपटू चुनी गोस्वामी स्टेट बँकेच्या सेवेत होते. इंडियन बँक आणि स्टेट बँक ऑफ त्रावणकोर यांचे संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळले. या पद्धतीत खेळाडूला मोठे मानधन मिळत नसे. परंतु पायाला दुखापत झाली तरी नोकरी आणि निवृत्तिवेतन सुरक्षित राही.

दुसरा प्रकार सभासदांच्या संस्थेचा. मोहन बागान हे त्याचे जुने उदाहरण. सभासदांच्या वर्गणीतून आधुनिक संघाचा खर्च भागत नाही, म्हणून २०२० मध्ये त्याच्या फुटबॉल कंपनीचे ८० टक्के भागभांडवल एका उद्योगसमूहाने घेतले. क्लबच्या नावाआधी ‘एटीके’ ही अक्षरे जोडली गेली आणि पाठीराख्यांनी त्याविरुद्ध दीर्घ आंदोलन केले. अखेर २०२३ मध्ये ती अक्षरे वगळण्यात आली. भागभांडवल हाती नसतानाही निष्ठेचे मोल मालकाला मान्य करावे लागले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरा प्रकार कंपनीच्या स्वरूपातील नव्या क्लबांचा. मुंबई सिटी हा क्लब २०१४ मध्ये स्थापन झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने त्याचे ६५ टक्के भाग घेतले. त्यानंतर अजिंक्यपदे आली. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये तो समूह बाहेर पडला. पुण्याचा अनुभव याहून कटू आहे. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला आणि एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली.

चौथा प्रकार बँक कर्मचाऱ्यांना विशेष बोधप्रद वाटावा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातील मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच टाकण्यात आला. म्हणजे घर विकत घेणाऱ्याने त्याच घराच्या भाड्यातून हप्ते फेडावेत, तसा हा व्यवहार. संतप्त पाठीराख्यांपैकी काहींनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला. २०२१ मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डो तेथे परतला, तेव्हा उत्सव झाला. पुढच्याच वर्षी तो गेला, मालकीविषयीची नाराजी मात्र कायम राहिली.

उत्पन्नाचा एकच झरा

भारतीय फुटबॉलची अडचण २०२५ मध्ये उघड झाली. महासंघाचा व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाविषयी निर्णय होईना, म्हणून ११ जुलै २०२५ रोजी इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम स्थगित करण्यात आला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. हा छेत्रीचाच क्लब. ज्याच्या पुनरागमनावर मार्चमध्ये देश वाद घालत होता, त्याच्या सहकाऱ्यांपुढे पाच महिन्यांत पगाराचा प्रश्न उभा राहिला. नामवंत खेळाडू अशा काळात तग धरतो. नुकताच करार मिळालेल्या तरुणाचे आणि त्याच्या कुटुंबाचे काय, हा खरा चिंतेचा विषय होय.

पाठीराख्यांनी काय पाहावे?

कर्ज देताना बँक अर्जदाराच्या लौकिकावर विसंबून राहत नाही. उत्पन्नाचे मार्ग किती, त्यांपैकी एक आटला तर दुसरा आहे का, आणि प्रमुख व्यक्ती बाजूला झाली तर व्यवसाय चालेल का, हे ती तपासते. क्लबाबाबतही हेच प्रश्न विचारावेत. जर्मनीत १९९८ पासून बहुमताचा हक्क, काही अपवाद वगळता, क्लबच्या सभासदांकडेच राहतो. गुंतवणूकदार येऊ शकतो, पण क्लब एकट्याच्या मर्जीने चालवू शकत नाही. आपल्याकडे तशी व्यवस्था येईल तेव्हा येईल. तोवर पालकांनी मुलाला क्लबच्या हवाली करण्यापूर्वी कराराची मुदत, विम्याची तरतूद आणि शिक्षणाची सोय यांची चौकशी अवश्य करावी. खेळाडूची उमेद दहा-पंधरा वर्षांची असते. त्याला आधार देणारी संस्था त्याहून दीर्घायुषी असली पाहिजे.