परमुलखाचे हात

बंगळुरूच्या वायव्येस असलेल्या यशवंतपूर येथे दोन प्रवाह येऊन मिळतात. तेथील घाऊक बाजारात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात आणि रेल्वेस्थानकावर दूरच्या प्रांतांतील तरुण कामाच्या शोधात उतरतात. कोणी पीण्याच्या कारखान्यांकडे जातो, कोणी एखाद्या बांधकामावर. कांदा परमुलखाचा म्हणून त्याला बाजारात कोणी नाक मुरडीत नाही. माणसाचे मात्र तसे नसते.

परक्या कामकऱ्याविषयी समाजाच्या मनात दोन भावना एकाच वेळी नांदत असतात. त्याचे श्रम हवे असतात. त्याचे वास्तव्य खुपते. पूर्व जर्मनीने १९८० च्या कराराने व्हिएतनाममधून कामगार आणले. १९८९ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ६०,००० झाली. त्यांना वेगळ्या वसतिगृहांत ठेवीत. शेजाऱ्यांशी त्यांची ओळख होऊ नये, असाच जणू तो बेत होता. पुढे ते राज्य लयास गेले, कारखाने बंद पडले, बेकारी वाढली. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉक शहरात जमावाने व्हिएतनामी लोकांच्या इमारतीस आग लावली. आतील शंभरावर माणसे छपरावरून निसटून वाचली. खाली बघे टाळ्या वाजवीत होते.

बंगळुरूत आग लागली नाही. अफवा मात्र पुरेशी ठरली. आसामातील कोक्राझार येथील हिंसाचारानंतर, १५ ऑगस्ट २०१२ पासून ईशान्येकडील हजारो लोकांनी गुवाहाटीच्या गाड्या धरल्या. मंत्री आणि पोलीस अधिकारी धीर देत होते, तरी पाऊल थांबेना. अफवा खोटी होती. पण ती खरी वाटावी, इतके हे लोक शहराला आणि शहर त्यांना अनोळखी राहिले होते.

मे २०२० मध्ये याच नाण्याची दुसरी बाजू दिसली. टाळेबंदीत मजूर घरी जाऊ पाहत होते. बांधकाम व्यावसायिकांशी चर्चा झाल्यावर कर्नाटक सरकारने त्यांच्या गाड्यांची मागणी मागे घेतली आणि टीका होताच तो निर्णय बदलला. एकदा 'जा' म्हणावयाचे, एकदा 'जाऊ नका'. दोन्ही वेळा माणसाची इच्छा गौणच.

परदेशी कामगाराला परवाना लागतो. भारतीयाला देशात कोठेही राहण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. मनाला मात्र हा भेद उमगत नाही. १९६० नंतरच्या दशकात मुंबईत हाच रोष दाक्षिणात्यांवर होता; त्यांत कर्नाटकातून आलेली माणसेही होती.

स्थानिकांची तक्रार सर्वस्वी खोटी नसते. परका मजूर कमी मजुरीवर राबविला गेला, तर स्थानिकाचीही मजुरी उतरते. परंतु तो दोष राबणाऱ्याचा नव्हे, राबविणाऱ्याचा आहे. म्हणूनच १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने सारख्या कामास सारखी मजुरी हे तत्त्व घालून दिले होते. ते प्रत्यक्षात पाळले जाईल, तेथे परक्याच्या येण्याने स्थानिकाची भाकरी कमी होण्याचे भय उरणार नाही. आणि भय ओसरले की शेजाऱ्याचे नाव विचारावयास वेळ लागत नाही.