दृष्टिपटलामागचे ठिगळ

घरातल्या आजोबांना चालता-फिरताना अडचण येत नाही, अंगणात कोण आले तेही कडेच्या नजरेने कळते. परंतु वर्तमानपत्र हाती घेतले की ज्या शब्दाकडे पाहावे नेमका तोच पुसल्यासारखा दिसतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असते, चष्मा बदललेला असतो, तरी उपयोग होत नाही. अशी तक्रार पुष्कळदा भिंगाची नसून डोळ्यातील मागच्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची असते. दृष्टिपटलाच्या मध्यावर पीतबिंदू ही लहानशी जागा आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही बारीक नजरेची कामे तिच्यावर अवलंबून असतात. उतारवयात तिचा ऱ्हास होतो तेव्हा मूलपेशींचा, म्हणजेच ‘स्टेम सेल’चा उपचार करावा का, असे लोक विचारू लागतात. विज्ञानाच्या शिक्षकाकडेही हा प्रश्न येतो.

आधी बिघडते काय ते पाहू. प्रकाश टिपण्याचे काम दंडपेशी व शंकुपेशी करतात. त्यांच्या पाठीमागे रंजक पेशींचा एकपदरी थर असतो. पाठ्यपुस्तकातील आकृतीत तो एखाद्या काळ्या रेषेने दाखवून सोडून दिलेला असतो, पण त्याचे काम मोठे आहे. दंडपेशीच्या टोकाशी प्रकाशग्राही चकत्यांची चळत असते. जुन्या चकत्या रोज गळतात, नव्या तयार होतात आणि सुमारे दहा दिवसांत सारी चळत बदलते. गळलेल्या चकत्या गिळून पचवायच्या आणि जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेले प्रकाशग्राही द्रव्य पुन्हा वापरण्याजोगे करून द्यायचे, हे काम रंजक पेशी आयुष्यभर करतात. प्रौढ माणसात त्या सहसा विभाजित होत नाहीत, म्हणून मेलेल्या पेशीची जागा घ्यायला नवी पेशी येत नाही. मग त्यांच्यावर विसंबलेल्या दंडपेशी आणि शंकुपेशीही मरतात. हा झाला ऱ्हासाचा ‘कोरडा’ प्रकार. ‘ओल्या’ प्रकारात या थराखालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून झिरपू लागतात.

मूलपेशी म्हणजे अमुकच काम करायचे असे अजून न ठरलेली पेशी. मानवी भ्रूणातील अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात जेम्स थॉमसन यांना १९९८ साली यश आले. पुढे २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने या आरंभीच्या अवस्थेत परत नेले. वर्षभरात मानवी पेशींवरही ते साधले. या कामाला २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र अशी पेशी जशीच्या तशी डोळ्यात सोडून भागत नाही. तिचे काय होईल हे सांगता येत नाही, गाठही होऊ शकते. म्हणून आधी प्रयोगशाळेत तिची रंजक पेशी बनवावी लागते. पेशी वाढवणाऱ्या आम्हा लोकांना यात एक सोय आहे : या पेशी तयार झाल्या की तपकिरी दिसू लागतात!

या उपचारासाठी डोळाच लवकर निवडला गेला, यालाही कारणे आहेत. पेशी थोड्याच लागतात. डोळा पारदर्शक असल्याने रोपण केलेल्या पेशी बाहेरून पाहता येतात. शिवाय रंजक पेशींना चेतातंतूंशी जोडणी करावी लागत नाही. योग्य जागी थर बसला की पुरे.

सप्टेंबर २०१४ मध्ये कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या संशोधनगटाने ओला प्रकार झालेल्या सत्तरीतल्या एका स्त्रीवर असा प्रयोग केला. तिच्याच त्वचेतील पेशींपासून कित्येक महिने खपून रंजक पेशींचा थर तयार केला आणि १.३ × ३ मिलिमीटरचे ठिगळ तिच्या दृष्टिपटलाखाली बसवले. वर्षानंतर ठिगळ शाबूत होते. नजर वाढली नव्हती, पण खालावलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींच्या जनुकांत बदल आढळले, तेव्हा शस्त्रक्रियाच रद्द झाली. ही सावधगिरी मला शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची वाटते.

नजर का वाढली नाही? रंजक पेशी नव्या आल्या तरी मेलेल्या शंकुपेशी त्यामुळे परत येत नाहीत. लंडनमधील गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातील दोन रुग्णांची नजर अलीकडेच, अचानक गेली होती. भ्रूणजन्य मूलपेशींपासून केलेल्या ठिगळानंतर वर्षभरात एकाला तक्त्यावरची २९ आणि दुसऱ्याला २१ अक्षरे अधिक वाचता आली. त्यांच्या शंकुपेशी अजून वाचवण्याजोग्या असाव्यात. अर्थात दोन रुग्णांवरून नियम बांधता येत नाही.

कोबेचा अहवाल मार्च २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्याच अंकात, त्याच्या लगेच पुढच्या पानांवर, अमेरिकेतील फ्लोरिडातला दुसरा अहवाल आहे. ७२ ते ८८ वर्षे वयाच्या तीन स्त्रियांनी २०१५ मध्ये एका खासगी दवाखान्यात प्रत्येकी ५,००० डॉलर मोजून ‘मूलपेशी उपचार’ घेतला. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच बैठकीत टोचल्या. पेशींचे रंजक पेशींत रूपांतर केलेले नव्हते, योग्य जागी थर बसवण्याचा प्रश्नच नव्हता. दृष्टिपटले सुटली, रक्तस्राव झाला आणि तिघींची नजर जवळजवळ गेली. एकीला तर उजेडाचीही जाणीव उरली नाही. दोन्ही अहवालांत शब्द एकच, ‘स्टेम सेल’.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील मूलपेशी उपचाराविषयी कोणी वाचले असेल. तो खरा आहे, पण डोळ्याच्या पुढच्या भागाचा. चुना उडून बुबुळावरचे पारदर्शक आवरण भाजले, तर त्याच्या कडेला मुळातच असणाऱ्या मूलपेशी चांगल्या डोळ्यातून घेऊन लावतात. तेथे त्या आपले नेहमीचेच काम करतात. पीतबिंदूच्या ऱ्हासावर त्यांचा उपयोग नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या ऱ्हासासाठी मूलपेशींचा वापर मान्य चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले गेले तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

ओल्या प्रकारावर मात्र उपाय आहे. २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रॅनिबिझुमॅबसारख्या औषधांची इंजेक्शने त्या रक्तवाहिन्यांना आवरतात, आणि ती जितकी लवकर मिळतील तितकी नजर वाचते. म्हणून विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. चौकटीच्या वहीतील पानाच्या मध्यावर ठळक ठिपका काढून ते आजी-आजोबांसमोर हातभर अंतरावर धरावे. त्यांनी वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा आळीपाळीने झाकून ठिपक्याकडे पाहावे. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधला भाग नाहीसा वाटला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.