गाडी घरी आणण्यापूर्वी

"मामू, गाडी बुक केली!" भाच्याचा फोन आला तेव्हा आम्ही नववीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. कतारमध्ये सहा वर्षे राबून तो नुकताच चिपळूणला कायमचा परतला होता. दुकान टाकायचे, आपाला हजला पाठवायचे आणि एक वेगवान गाडी घ्यायची, अशी त्याची तीन स्वप्ने होती. दुकान सुरू झाले होते. आपाच्या हजचे पैसे बाजूला ठेवले होते. आता गाडीची पाळी होती.

गाडी होती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २०१७ मध्ये ही भारतात आली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवरची ताकद, आणि तरीही मागे घरची माणसे व सामान मावेल अशी ही स्पोर्ट्स गाडी आहे. पुण्यातल्या एका माणसाची २०१८ सालची लाल गाडी भाच्याने इंटरनेटवर पाहिली, पंचवीस फोटो न्याहाळले आणि पन्नास हजार रुपये टोकन पाठवून मोकळा झाला. सौदा सतरा लाखांचा. "रविवारी उरलेले पैसे देऊ आणि चालवतच घरी येऊ," असा त्याचा बेत होता.

आपा एवढेच म्हणाली, "दोनशे रुपयांचं कापड घेताना आपण उलटं करून बघतो. सतरा लाखांची वस्तू फोटोत बघून घेतलीस?"

त्या वाक्यामुळे आम्ही आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना सोबत घेतले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतर कित्येक महिने हे मिस्त्री बुडालेल्या गाड्याच उघडत होते. सकाळी सहाला कुंभार्ली घाट चढलो. भाचा वाटभर त्या गाडीचे गुण सांगत होता. मिस्त्री नुसते "हूं" म्हणत होते.

पुण्यातली लाल गाडी

मालकाने चहा दिला, चावी पुढे केली. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम! "कधी चालवली?" त्यांनी विचारले. "आत्ताच धुवून आणली," मालक म्हणाला. मिस्त्रींनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की गाडी नेहमी थंड असताना सुरू करून बघावी. इंजिनाचे दुखणे असेल तर ते पहिल्या मिनिटात बोलते: खडखड होते, किंवा धूर येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जात असल्याची शंका घ्यावी. गरम इंजिन हे सगळे लपवते.

मग कागद पाहिले. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळला. एमपरिवहन ॲपवर विमा, पीयूसी, दंडाची चलने पाहिली, काही बाकी नव्हते. मात्र सर्व्हिसच्या नोंदीत आठ महिने एकही नोंद नव्हती. "मी बाहेरगावी होतो," मालक म्हणाला.

मिस्त्रींनी रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र आणले होते. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. आकडा कित्येक पटींनी वाढला, तर खाली लांबी भरून पत्रा सारखा केला आहे असे समजावे. सगळीकडे आकडे ठीक आले. भाच्याचा चेहरा खुलला.

गाडीच्या आत अत्तराचा भपकारा होता आणि पायाखालचे कार्पेट अगदी कोरे करकरीत होते. मिस्त्री मागच्या सीटवर बसले. त्यांनी सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ होता. त्यापुढचा, सहसा कधी बाहेर न येणारा हातभर पट्टा मातकट निघाला, आणि त्यावर आडवी रेघ होती. आमच्या घराच्या भिंतीवर महापुरानंतर जशी रेघ राहिली होती, अगदी तशी.

मग त्यांनी डिकीतले स्टेपनी टायर उचलले. खालच्या खोबणीच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ होता. पुढच्या सीटखाली बॅटरी मारली, तर रुळांचे बोल्ट गंजलेले.

"पाण्यात होती ना ही?" मिस्त्रींनी शांतपणे विचारले.

"अहो, एवढं बारकाईने कोण बघतं? मी घेतली तेव्हाच तशी असेल. चालते मस्त, चालवून बघा."

गाडी खरोखरच मस्त चालत होती. पण बुडालेली गाडी सुकवली की काही महिने ठीक चालते. नंतर वायरींच्या जोडांना आतून गंज धरतो. एअरबॅग सांभाळणारी पेटी बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत असते. ती आज बरोबर दिसेल, आणि गरज पडेल त्या दिवशी दगा देईल. मिस्त्री भाच्याला म्हणाले, "बेटा, इंजिन मी खोलून देईन. पण ह्या गाडीत तुझ्या आईला बसवायला मी हो म्हणणार नाही."

टोकन परत मिळाले नाही. व्यवहार तुम्ही मोडलात, असे मालकाचे म्हणणे. लेखी काहीच नव्हते, त्यामुळे आम्हालाही काही बोलता आले नाही. कराडला चहासाठी थांबेपर्यंत भाचा एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, तो खोटं बोलला याचं वाईट वाटत नाही. मीच त्याला विचारलं नव्हतं."

धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपल्या घरोघरी सांगितला जातो. वर कोरडे धान्य, आत हात घातला तर ओले. विकणाऱ्याने ऐब झाकू नये, हा त्याचा बोध सगळ्यांना पाठ असतो. पण त्या प्रसंगात ढिगात हात घालून पाहिले होते, हे आपण विसरतो. तपासणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे नव्हे. संकोचापोटी आपण गप्प बसतो आणि नंतर वर्षानुवर्षे कुढतो.

कोल्हापूरची करडी गाडी

अडीच महिन्यांनी कोल्हापुरात तेच मॉडेल मिळाले, करड्या रंगाचे. या वेळी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, असे ठरले होते. मालक उतारवयाचे गृहस्थ. आम्ही पोचलो तर बॉनेट गार. ते म्हणाले, "आधी हिचे दोष सांगतो. मागचा बंपर एकदा खांबाला लागला, रंगवून घेतलाय. पुढचे टायर बदलायला झालेत. गिअरबॉक्सचं ऑइल अठ्ठावन्न हजार किलोमीटरला बदललं, हे बिल."

मिस्त्रींनी तरीही सगळे पाहिले, आणि त्या गृहस्थांनीच बॅटरी धरली. या गाडीच्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचे ऑइल साधारण साठ हजार किलोमीटरला बदलायचे असते. पुष्कळ जण ते टाळतात, म्हणून बिलाचे मोल मोठे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. तिथे २३१९ होते, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स गाड्यांचे मालक अनेकदा ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात फेरफार करतात, सायलेन्सर बदलतात. असा फेरफार विमा कंपनीला कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी भांडण होते. इथे सगळे मूळचेच होते. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ निघाला. टायरचे पैसे वजा करून पावणेसोळा लाखांना सौदा ठरला.

तरीही त्या दिवशी गाडी आणली नाही. मालकाचे कर्ज फिटले होते, पण आरसीवर बँकेचे नाव अजून होते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ते नाव उतरवल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये. त्यांनी ते काम केले आणि आम्ही पुन्हा गेलो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी त्या तारखेला किती वाजता ताब्यात दिली, हे कागदावर लिहून दोघांनी सही केली. त्या वेळेआधीचे चलन त्यांचे, नंतरचे आमचे. विमा नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यावा लागतो. तो भाच्याने तिथेच बसून भरला.

निघण्यापूर्वी नवे टायर बसवले, हवा, ऑइल, कूलंट पाहिले. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढत नाही ना, याची खात्री केली. वीस किलोमीटरवर थांबून खाली वाकून पाहिले, कुठे थेंब पडत नव्हता. मगच घाटाकडे वळलो. इतक्या ताकदीची गाडी हाती असून भाचा कुंभार्ली घाट अगदी सावकाश उतरला.

दारात आपा उभी होती. आम्हाला वाटले, ती आधी रंगाचे कौतुक करील. तिने मागचे दार उघडले, सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून पाहिला. मग पदर सावरून आत बसली. म्हणाली, "बिस्मिल्लाह. चल, बाजारपेठेतून एक फेरी मारू."