सर्पगंधा: मुळीपासून गोळीपर्यंत

सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर वैद्य-हकीम सर्पगंधेची मुळी देत. सापाचे सोडा, बाकीच्या दोन उपयोगांत मात्र तथ्य निघाले.

१९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळीतून एक अल्कलॉइड वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मुळीने रक्तदाब उतरतो, अशी नोंद केली. जगाचे लक्ष वेधले गेले ते मात्र १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आल्यावर. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतले रिसर्पिन वेगळे केले आणि त्याच्या गोळ्या जगभर गेल्या.

रक्तदाब उतरे, पण काही रुग्णांना नैराश्यही येई. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. रक्तदाबासाठी रिसर्पिन आता फारसे लिहून दिले जात नाही.

झुडपाचे हाल वेगळेच. औषध मुळात, त्यामुळे रोप उपटावेच लागते. जंगलातली सर्पगंधा त्यापायी विरळ झाली; आज तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे.