शांघाय : पहिल्या भेटीत

नदी आणि दोन काठ : हुआंगपू नदीच्या पश्चिमेला जुने पुशी, पूर्वेला नवे पुडोंग. पुशीच्या काठावरील ‘बंड’ या रस्त्यालगत वसाहतकाळातील बँका आणि व्यापारी पेढ्यांच्या भव्य इमारती ओळीने उभ्या आहेत. मुंबई-पुण्याला परिचित असलेल्या ससून घराण्यातील व्हिक्टर ससून यांनी १९२९ मध्ये उघडलेले हॉटेलही येथेच आहे. पुडोंगच्या विकासाची घोषणा १९९० मध्ये झाली; आज तेथे ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर आहे.

प्रवास : पुडोंग विमानतळावरून निघणारी चुंबकीय रेल्वे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर आठ मिनिटांत कापते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचे जाळे ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचे आहे. फलक चिनी आणि इंग्रजीत असतात. स्थानकात शिरताना सामान तपासले जाते.

रस्ता : विजेवरच्या दुचाकी आवाज न करता मागून येतात. वाहने उजव्या बाजूने धावत असल्याने भारतीय पाहुण्याने रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे.

न्याहारी : ‘शेंगजियान’ म्हणजे पसरट कढईत भाजलेले, सहसा डुकराच्या मांसाचे सारण भरलेले पाव. तळ कुरकुरीत, वर तीळ आणि कांद्याची पात. आतला रस कढत असतो, म्हणून आधी छोटा चावा घेऊन तो ओढून घेतात.

व्यवहार : बहुतेक दुकानांत क्यूआर कोडने पैसे दिले जातात. अलीपे किंवा वीचॅट ॲपला आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्यापूर्वीच जोडून ठेवावे. घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे असते.