लहान तलावातील मोठा मासा

झाडीपट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भात, विशेषतः चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, सावली व मूल या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी या भागांत, गोड्या पाण्यातील मासेमारीचा विचार तलावांवाचून करता येत नाही. येथील बहुसंख्य तलाव गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाच्या पुढाकाराने धानाच्या शेतीसाठी बांधले गेले, पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या जमीनधारकांच्या ताब्यात राहिले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे आले. म्हणून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’, असे म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. त्यांहून लहान जलाशयाला बोडी म्हणतात. हे तलाव सिंचनासाठी बांधलेले असले, तरी त्यांतील मासा हा ढिवर समाजाच्या उपजीविकेचा आधार राहिला आहे, आणि इतक्या लहान पाण्यातून आठ-दहा किलोंचा कटला बाहेर काढण्याची जी रीत या समाजाने जोपासली आहे, तिचा बारकाईने विचार होणे आवश्यक आहे.

लहान तलावात मासा लपणार कोठे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो, परंतु प्रत्यक्षात मोठा मासा लहान पाण्यातच अधिक सावध असतो, कारण पाळीवरील पावलांचा कंप, डोंग्याला, म्हणजे एकाच झाडाचे खोड कोरून केलेल्या होडीला, लागलेल्या वल्ह्याचा आवाज किंवा पाण्यात उतरलेल्या माणसाची हालचाल त्याच्यापर्यंत क्षणात पोहोचते. म्हणून येथील मासेमारीत बळाला दुय्यम स्थान आहे. कोणता मासा पाण्याच्या कोणत्या थरात असेल, तो कोणत्या वेळी वर येईल आणि घेरला गेल्यावर कोणत्या दिशेने निसटेल, हे आधी ठरवून मगच जाळे निवडले जाते.

या ज्ञानाचा पाया माशाच्या तोंडाच्या ठेवणीत आहे. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी कल्ल्यांच्या चाळणीतून गाळून खातो. रोहू मधल्या थरात वावरतो, त्याच्या ओठांना झालर असते आणि पाणवनस्पतींवर जमलेले शेवाळ तो ओरबाडून खातो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असल्याने तो तळाच्या गाळातील कुजका पाला खातो. हे तिन्ही मासे एकाच तलावात एकत्र सोडले जातात, त्याचे कारण त्यांचे अन्न वेगवेगळे आहे, हेच होय. यांखेरीज मरळ व शिवडा हे मांसाहारी मासे असतात; शिवडा हा बिनखवल्यांचा, लांब मिशांचा, रुंद जबड्याचा मासा रात्री भक्ष्य शोधतो, तर मरळ कल्ल्यांबरोबरच थेट हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्याने गढूळ व उथळ पाण्यातही तग धरते.

रोहू, कटला आणि मृगळ सहसा साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ च्या जुलै महिन्यात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले आणि तेव्हापासून मत्स्यबीज नद्यांवर अवलंबून न राहता मिळू लागले. झाडीपट्टीतील मच्छीमार सहकारी संस्था पावसाळ्यात हे बीज विकत घेतात. ते बोटाएवढे वाढलेले असले की त्याला बोटुकली म्हणतात. मरळ व शिवडा असलेल्या तलावात याहून बारीक बीज सोडणे म्हणजे त्यांना खाद्य पुरवणे होय. चांगल्या पाण्यात कटला पहिल्या वर्षी सुमारे एक किलो भरतो. आठ-दहा किलोंचा मासा हवा असेल, तर त्याने त्याच पाण्यात अनेक उन्हाळे काढलेले असले पाहिजेत.

उन्हाळा निभावणे ही येथील खरी कसोटी आहे. धान निसवण्याच्या सुमारास पाऊस दडी मारतो तेव्हा तलावाचे पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त शेतांना सोडले जाते, पाणी झपाट्याने उतरते आणि मे महिन्यात, जेव्हा चंद्रपूरचा पारा ४६ अंशांच्याही वर जातो, तेव्हा पाळीलगतच्या खोलगट भागातच काय ते पाणी उरते. पाणी सोडण्याच्या दाराच्या उंबऱ्याखाली राहणाऱ्या या पाण्याला अभियंते मृतसाठा म्हणतात. मासा मात्र त्या मृतसाठ्यावरच जगतो. गाळाने तो भरून गेला, तर कितीही बीज सोडले तरी मोठा मासा तयार होत नाही. गाळ काढण्याच्या कामाला २०१७ पासून शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे बळ मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि यंत्राने उकरलेला तळ समतल न करता सोडला, तर खड्डे व उभे काठ तसेच राहतात, जाळ्याची खालची दोरी त्यांवरून अधांतरी जाते आणि घेरलेले मासे त्याच फटीतून मागे पळतात. गाळ काढताना ढिवरांना विचारले जात नाही, ही या कामातील मोठी उणीव आहे.

मोठे मासे एकत्रितपणे काढण्याचे मुख्य साधन म्हणजे ओढजाळे. याच्या वरच्या दोरीला तरंगणारे बोये आणि खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या असतात. जाळ्याची लांबी ओढायच्या जागेच्या रुंदीपेक्षा आणि उंची पाण्याच्या खोलीपेक्षा बरीच जास्त ठेवली जाते, जेणेकरून ओढताना मध्ये पोट सुटते आणि मासे त्या पोटात येतात. ओढीपूर्वी काही दिवस तळातील खुंट, दगड व बेशरमाची झुडपे काढली जातात. बेशरम ही मूळची अमेरिकेतील वनस्पती असून तिच्या फांद्या जेथे पडतील तेथे मुळे धरतात. एका खुंटात अडकलेले जाळे सोडवताना दोरी हातभर उचलली गेली, तरी तेवढ्यात मृगळांचा सारा थवा निघून जातो.

ओढ पहाटे सुरू होते. रात्रभर पाणवनस्पती व शेवाळ ऑक्सिजन वापरत राहतात आणि उजाडण्याच्या सुमारास पाण्यातील ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्यामुळे मासे वरच्या थरात येतात आणि त्यांची हालचाल मंदावते. ऊन चढल्यावर ओढ केली, तर तापलेल्या व ढवळलेल्या पाण्यात परत सोडायचे लहान मासेही मरतात. पहाटेची ही वेळ जंगलालगतच्या तलावांवर धोक्याची आहे, कारण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या पट्ट्यांत वाघांचा वावर आहे आणि तलाव हे त्यांच्याही पाण्याचे ठिकाण आहे. म्हणून पाळीवर एकट्याने न जाता सर्वांनी मिळून जाण्याचा दंडक पाळला जातो.

दोन तुकड्या दोन्ही काठांनी जाळे ओढत पुढे सरकतात. मधली माणसे छातीभर पाण्यात जाळ्याच्या मागे चालतात आणि पायाच्या अंगठ्याने खालची दोरी तळाशी आहे की नाही, हे सतत चाचपतात; हे काम अनुभवी माणसालाच दिले जाते, कारण दोरी गाळात फार रुतली तर जाळे ओढवत नाही आणि उचलली गेली तर रिकामे येते. घेर लहान होऊ लागला की प्रत्येक मासा आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतो. कटला व रोहू बोयांवरून उडी मारतात, म्हणून वरची दोरी हातांनी पाण्याबाहेर उचलून धरतात किंवा तिच्यामागे दुसरे जाळे उभे करतात. मृगळ तळाशी दबून दोरीखालून वाट काढू पाहतो. मरळ तर गाळात शिरून जाळे डोक्यावरून जाऊ देते, आणि ओढ संपल्यावर तीच माणसे पायांनी गाळ चाचपत तिला हातांनी शोधतात. जाळे काठाशी आल्यावर मोठा मासा शेपटीला धरून कधीही उचलत नाहीत. एक हात डोक्याखाली आणि दुसरा पोटाखाली घालून त्याला अंगाशी घेतले जाते, कारण दहा किलोंच्या कटल्याच्या शेपटीचा तडाखा माणसाला पाण्यात पाडू शकतो.

ज्या तलावात खुंट व वनस्पती फार आहेत, तेथे फासजाळे लावतात. हे तंगुसाचे, म्हणजे पारदर्शक नायलॉनच्या धाग्याचे, जाळे संध्याकाळी पाण्यात भिंतीसारखे उभे केले जाते; मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, डोके घालतो, त्याचे अंग पुढे जात नाही आणि मागे सरताना कल्ल्यांच्या झाकणात धागा अडकतो. कोणता मासा धरायचा, हे येथे आसाचा आकारच ठरवतो. मोठ्या आसाच्या जाळ्यातून अर्धा-पाऊण किलोचा मासा सहज पार होतो आणि पुढच्या वर्षासाठी उरतो. बारीक आसाचे जाळे लावणारा माणूस त्या दिवशी अधिक मासे घरी नेतो, परंतु तलावातून मोठा मासा कायमचा नाहीसा करतो. या पट्ट्यात मोठे मासे दुर्मीळ होत जाण्याचे हे एक उघड कारण आहे.

एकट्यादुकट्या मच्छीमाराचे साधन म्हणजे फेकजाळे. कडेला शिसे ओवलेले हे गोल जाळे डोंग्यातून किंवा पाळीवरून असे फेकतात की ते हवेत पूर्ण उघडून पाण्यावर सपाट पडते. धानाचा कोंडा व ढेप यांचे गोळे काही दिवस एकाच वेळी एकाच जागी टाकून रोहूला तेथे येण्याची सवय लावली जाते. बुडबुडे फुटू लागले आणि तेथील पाणी किंचित गढूळ झाले, की मासा खाली चरतो आहे हे ओळखून जाळे फेकले जाते. गळाचा उपयोग मुख्यतः शिवडा व मरळ यांच्यासाठी होतो. मरळीची जोडी पिलांच्या लालसर थव्यावर पहारा देते आणि थव्याजवळ आलेल्या कशावरही झेपावते, त्यामुळे त्या काळात तिला गळाला लावणे फारच सोपे असते; पण पालक गेले की इतर मासे सगळी पिले खाऊन टाकतात, म्हणून जाणती माणसे थवा दिसल्यास गळ दुसरीकडे टाकतात.

पावसाळ्यात तलाव भरून सांडवा वाहू लागला की तंत्र उलटे होते. मोठे मासे प्रवाहाच्या ओढीने बाहेर पडू पाहतात आणि एका रात्रीत अनेक वर्षांची वाढ नाल्याला लागते. ती अडवण्यासाठी सांडव्यावर बांबूच्या कामट्यांच्या ताट्या उभ्या करतात. फटी अशा ठेवाव्या लागतात की पाणी व पालापाचोळा निघून जाईल. त्या तुंबल्या तर पाणी पाळीवर चढते आणि पाळ फुटण्याचा धोका निर्माण होतो, म्हणून मुसळधार पावसात रात्रभर कोणीतरी ताटीवरचा कचरा काढत उभे राहते.

या सर्व तंत्रांचे यश शेवटी तलाव किती काळ एकाच हाती राहतो, यावर अवलंबून आहे. मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो आणि ठेक्याचे शेवटचे वर्ष आले, की पुढच्या वर्षी तलाव आपल्याकडे असेल की नाही याची खात्री नसल्याने लहान-मोठा सगळा मासा काढून घेतला जातो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने माशांवरील व जलसाठ्यांवरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली. या दोन कायद्यांचा आधार घेऊन गडचिरोलीतील ग्रामसभा व ढिवरांच्या संस्था एकाच तलावाचा दीर्घ मुदतीचा आराखडा करू शकतात. अशा आराखड्यात मोठ्या आसाच्या जाळ्याचा नियम, मे महिन्यातील किमान पाणी आणि बेशरम काढून त्या जागी देशी पाणवनस्पती लावण्याचे काम यांना स्थान मिळाले पाहिजे. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत, त्यातील स्त्रियांच्या मोठ्या सहभागाने, तलावांत अशा देशी वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. रोहूला चरायला शेवाळ आणि देशी माशांच्या पिलांना आसरा मिळतो, तो याच वनस्पतींच्या पानांवर आणि देठांमध्ये.